न सुटणारी टिटवी

'चौकी कोरा' या नावावर आता सिनेमे निघतात, टी-शर्ट निघतात, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या निघतात. मी नोकरीत होते तोवर आमच्या टीममधली पोरं प्रत्येक सिनेमा पहिल्याच दिवशी बघून यायची आणि सोमवारी मला विचारायची, "मॅडम, तुम्ही जुन्या फॅन ना? कसा वाटला?" मी सांगायचे, एसी चांगला होता. त्यांना वाटायचं मी गंमत करतेय. एक यान फुटलं की मागून यानांचं अख्खं मोहोळ येतं अशा सिनेमात कुणाचं काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही. मूळ मालिकेत कोरा नावाच्या उजाड चंद्रावर एक चौकी होती, तिथे अडकलेली चार-सहा माणसं होती, आणि त्यांच्याजवळचं सगळं सामान एका खोलीत मावेल एवढंच होतं. पृथ्वीवरून काही म्हणजे काही येत नसे. हवा शुद्ध करायचं यंत्र बिघडलं की दुसरं कुठलं तरी चालू यंत्र मोडायचं, त्याचे तुकडे इकडे लावायचे आणि जीव वाचवायचा. मोडलेलं यंत्र मग खरोखरच संपायचं, पुढच्या रविवारी ते परत दिसायचं नाही. एवढा प्रामाणिकपणा मी नंतर कुठल्याच मालिकेत पाहिला नाही. लोक त्यातल्या कॅप्टनवर फिदा असतात. कॅप्टन नुसता खिडकीपाशी उभा राहून बोलायचा. चौकी चालवायची ती रूवा, दात पडलेली, चिडखोर, म्हातारी मेकॅनिक. काय मोडायचं हे ती ठरवायची, आणि ठरवताना तिच्या तोंडावर जे दिसायचं त्यासाठी मी ती मालिका बघायचे.

आमचं घर विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून जरा आत, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पप्पा खडकीकडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची. रविवारी सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून आमची तिघांची वंदना व्हायची. मग आई मटणाच्या वाटणाला बसायची, आणि खोबरं भाजल्याचा वास सुटला की केबलवर कोराची वेळ झाली असं मी समजायचे. आवाज सगळे हिंदी डबिंगचे, रूवाला कुणा कडक मावशीचा आवाज दिलेला. मधेच केबल जायची. पप्पा लगेच बाहेर जाऊन खांबावरची वायर हलवून यायचे आणि खिडकीतून विचारायचे, "आलं का?" आई आतून म्हणायची, "माणसं चंद्रावर अडकलीत तिकडे, आणि तुम्हाला वायर सापडेना." लोहगावच्या बाजूने लढाऊ विमानं उठली की पडवीचा पत्रा थरथरायचा आणि बोलणं थांबवावं लागायचं. आमच्याकडे येणारे पाहुणे दचकायचे, आम्ही ते विमान जाईपर्यंत हातातला घास हातात धरून थांबायचो आणि मग वाक्य पुरं करायचो.

ठोकळ्यांचा संच आला तो मिलिंददादामुळे. मिलिंददादा माझा आत्येभाऊ. इंजिनिअरिंगची चार वर्षं तो आमच्या पडवीत झोपला होता आणि आता त्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेत पाठवलं होतं. त्या काळात आमच्याकडे कुणी 'ऑनसाइट' गेलं की आख्ख्या गल्लीला तो शब्द पाठ व्हायचा. पहिल्या सुट्टीत तो आला तेव्हा आईला परफ्यूम, पप्पांना पान्यांचा संच आणि मला कोराचं टेहळणी यान घेऊन आला, आत बोटाएवढी रूवा बसलेली. खोक्यावर यानाचं नाव भलतं लांबलचक होतं. पुढचे दोन पाय काटकुळे आणि मान वर, म्हणून आम्ही त्याला टिटवी म्हणायला लागलो. दादा परत जायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून ती जोडली. दुपारभर जमिनीवर पालथं पडून तो पुस्तिकेतलं चित्र वाचायचा आणि मी ठोकळा शोधून द्यायचे, आणि ठोकळा नीट बसला की जो बारीक टक् आवाज यायचा तो ऐकून तो दर वेळी म्हणायचा, "हं, झालं."

ठोकळ्यांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मी कुणाला विचारून बनवलेली नाहीत. पुस्तिका एकदाच वापरायची. पुस्तिकेतलं चित्र बघून तेच पुन्हापुन्हा जोडणारी माणसं मला शुद्धलेखन उतरवून काढणाऱ्या मुलांसारखी वाटतात. आयता पंख, आयती काच, आयतं डोकं असलेला संच हा संच नव्हे, ते नुसतं सुटं खेळणं. जुन्या टिटवीत असा एकही तुकडा नव्हता जो फक्त टिटवीचाच होता, पंखातला ठोकळा शेपटीत चालायचा आणि शेपटीतला पायात. चिकटवायची चित्रं हा तर शुद्ध आळस. आणि हल्ली जी मोठी माणसं खोकं न उघडता कपाटात ठेवतात, किंमत वाढेल म्हणून, त्यांनी सरळ बँकेत पैसे ठेवावेत, खोक्यातल्या रूवाला गुदमरवू नये. मी टिटवी मोडून तिचा पूल केला, पाण्याची टाकी केली, चार पायांवर चालणारं काहीतरी केलं. हे सगळं पप्पांची दुसरी पाळी असली की दुपारी चालायचं, आणि ते घरी यायच्या आत मी टिटवी पुन्हा टिटवी करून टीव्हीवर ठेवायचे, कारण आलेल्यागेलेल्यांना ती दाखवायची त्यांना हौस होती. त्यामुळे पप्पांनी टिटवी कधी मोडलेली पाहिलीच नाही. हे त्यावेळी माझ्या लक्षात आलं नाही, यायचं कारणही नव्हतं.

पप्पांच्या हाताला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. घरातली कुठलीही वस्तू कुरकुरली की ती कुणाची आहे, तिला काय झालंय हे विचारायच्या आत ती त्यांच्या मांडीवर उघडी पडलेली असायची. माझ्या दप्तराचा बंद सैल झालाय हे मला कळायच्या आधी तो शिवलेला असायचा. माझ्या कंपासपेटीचं झाकण, आईच्या घड्याळाचा पट्टा, शेजारच्या काकूंच्या स्टोव्हची पिन, सगळं ते येता-जाता करून ठेवायचे आणि सांगायचेही नाहीत. दिवाळीत आमच्या गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा असायची. एका वर्षी परीक्षक समोर उभे असताना आमच्या किल्ल्याचा बुरूज पाणी मुरून खाली बसला आणि मी ढसाढसा रडले. पुढच्या दिवाळीला पप्पांनी मातीत गुपचूप सिमेंट कालवलं. पहिला नंबर आला. तो किल्ला होळीपर्यंत अंगणात तसाच उभा होता आणि शेवटी पाडायला पहार आणावी लागली. आई कपडे वाळत घालताना त्याला वळसा घालायची आणि म्हणायची, "शत्रू आला तर आपली सोय आहे बाई."

मी सातवीत असताना लक्ष्मी रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानाने कोराच्या ठोकळ्यांची स्पर्धा ठेवली. कर्वेनगरच्या एका शाळेचा हॉल, रविवारची सकाळ. आपला संच आपणच आणायचा. पहिल्या फेरीत घरून जोडून आणलेली वस्तू मांडायची, दुसऱ्या फेरीत ती तिथेच मोडून त्याच ठोकळ्यांतून आपल्या मनाचं नवं काही जोडायचं. पहिलं बक्षीस म्हणजे अख्खी चौकी, तो मोठा संच, जो दुकानाच्या काचेत होता आणि ज्याचं खोकं आईने एकदा हातात घेऊन, मागची किंमत वाचून, हळूच परत ठेवलं होतं. नाव नोंदवायला आई आणि मी गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "भावासाठी का?"

"भाऊ नाहीये तिला," आई म्हणाली. "तशीच चालेल, की आधी भाऊ घेऊन येऊ?"

मला त्या चौकीची हाव होती हे खरंच आहे. पण त्याहून जास्त मला कुणीतरी बघायला हवं होतं. वर्गात मी कशातच पुढे नव्हते. गाणं नाही, खेळ नाही, गणितात गुण बेताचे. माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती जी मला इतरांपेक्षा बरी येत होती आणि ती मी बंद दाराआड, पप्पांच्या दुसऱ्या पाळीत करत होते. टिटवीतून काय करायचं ते माझं ठरलं होतं. रूवाची क्रेन. मालिकेत ती कधीच पुरी झाली नाही, दर वेळी तिच्यासाठी लागणारे तुकडे दुसऱ्याच कशाला तरी द्यावे लागायचे. मी ती पुरी करणार होते. उंच मनोरा, त्यातून बाहेर येणारा हात, हाताच्या टोकाला आकडा, आणि आकड्याला लटकलेली रूवा स्वतः. महिनाभर मी ती जोडली आणि मोडली, इतकी की शेवटी शेवटी हातच आपसूक चालायचे.

स्पर्धेच्या आधी बुधवारी मी टिटवी वर्गात दाखवायला नेली. बसमधून उतरताना कुणाचा तरी धक्का लागला आणि एक पंख निखळून पायरीखाली गेला. सगळे तुकडे मिळाले, पण रस्त्यावर ओणवं होऊन ते एकेक शोधावे लागले. घरी येऊन मी ते पप्पांना सांगितलं आणि म्हटलं, "रविवारी स्कूटरवर असं झालं तर? एक जरी तुकडा हरवला तर संपलंच सगळं."

पप्पांनी टिटवी हातात घेतली, पंख जरासा हलवून पाहिला आणि म्हणाले, "सैल बसतं हे."

"तसंच असतं ते, पप्पा."

"असेल. पण सैल आहे."

स्पर्धेचं मी त्यांना नीट सांगितलं होतं. आधी टिटवी मांडायची, मग नवीन जोडायचं. त्यांनी ते ऐकलंही होतं. पण नवीन जोडायचं म्हणजे ठोकळेही नवीन, ते तिथलेच लोक देणार, असं त्यांनी धरलं. चांगली उभी असलेली, पोरीने मेहनतीने केलेली वस्तू परीक्षकच मोडायला सांगतील हे त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. कारखान्यात त्यांनी केलेला भाग तपासायला साहेब यायचा तो गेज लावून बघायचा, भाग हलतो का, सरकतो का. किल्ल्याचे परीक्षक यायचे तेही उभा किल्लाच बघायचे. तपासायला आलेला माणूस काय बघतो हे पप्पांना पुरतं ठाऊक होतं.

शनिवारी माझी शाळा होती आणि त्यांना सुट्टी. मी दुपारी आले तेव्हा ते हात चोळचोळून धुत होते आणि पडवीत औषधासारखा उग्र वास येत होता. मी विचारलं तर म्हणाले, "पाइपाचं काम होतं जरा." शेजारच्या मोरीचा प्लॅस्टिकचा पाइप त्यांनी गेल्याच आठवड्यात जोडला होता, मला तो वास ओळखीचा होता. टिटवी टीव्हीवर होती तशीच होती. नंतर मला कळलं की त्यांनी ती एका बाजूने क्रमाने उकलली होती, प्रत्येक ठोकळ्याला आतून काडीने तो पाइपाचा डिंक लावला होता आणि बाहेर आलेला थेंब कापसाने टिपून तो जिथला तिथे बसवला होता. आख्खी सकाळ त्यात गेली असणार. कुठे डाग नाही, ओघळ नाही. इतकं सफाईचं काम मी नंतरच्या आयुष्यातही फारसं पाहिलेलं नाही, आणि हे मला म्हणावं लागतं याचा मला राग येतो.

रविवारी वंदना झाल्यावर पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने डब्यात शिरा दिला आणि म्हणाली, "मटण दुपारी. जिंकलीस तरी, नाही जिंकलीस तरी." टिटवी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात घातली आणि खोकं मी मांडीवर धरलं. येरवडा, संगम पूल, डेक्कन, कर्वे रस्ता. गतिरोधक आला की मी खोकं छातीशी घ्यायचे आणि पप्पा पुढून म्हणायचे, "काही होत नाही त्याला. निश्चिंत बस." मला वाटलं धीर देतायत.

हॉलमध्ये बाकं मांडली होती आणि प्रत्येक बाकावर नंबर होता. बहुतेक मुलगेच होते, सोबत त्यांचे बाबा, आणि बाबांची आपसात कंपन्यांची आणि व्हिसाची बोलणी चालली होती. पालकांनी मागच्या खुर्च्यांवर बसायचं होतं. पहिल्या फेरीला परीक्षक बाई आल्या, वयस्कर, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी टिटवी उचलली, उलटी केली, पंखावर बोट दाबलं. "वा, किती पक्की बसवलीय," त्या म्हणाल्या. मी मागे वळून पाहिलं. पप्पा खुर्चीच्या कडेवर बसून हसत होते, सगळे दात दिसतील असे. त्यांना तसं हसताना मी किल्ल्याच्या वेळी पाहिलं होतं.

मग माईकवर एक तरुण आला आणि म्हणाला, "चला दोस्तांनो, आता तोडा सगळं." हॉलभर टक् टक् टक् असा आवाज सुरू झाला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी सवयीने शेपटीला हात घातला. शेपटी निघाली नाही. मला वाटलं नीट धरली नाही. पंख ओढला, नाही. पाय ओढला, नाही. नख घातलं तर नखाखाली चीरच लागेना, दोन ठोकळ्यांच्या मधे जी बारीक रेघ असते ती होती, पण नुसती रेघ. माझं नख मोडलं. मग तो वास आला, अगदी जवळून, नाकाशी टिटवी नेल्यावर. पडवीतला. मला सगळं एकदम कळलं, आणि कळूनही माझे हात ओढतच राहिले.

परीक्षक बाई आल्या. "बाळ, सुरू कर ना. काय झालं?"

मी मागे पाहिलं. पप्पांचं हसू गेलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आजूबाजूच्या बाकांकडे बघत होते, एकेका मुलाच्या हाताकडे, सुट्या होत जाणाऱ्या ढिगांकडे. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"मला येत नाही," मी बाईंना म्हणाले.

हे मी का म्हणाले ते मला नक्की सांगता यायचं नाही. दुसरं जे काही खरं होतं ते तोंडातून निघत नव्हतं एवढंच. पण मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पप्पा उभे राहिले. "बाई, तिला येतं," ते म्हणाले. हॉल काही फार मोठा नव्हता, सगळ्यांना ऐकू गेलं. "तिला सगळं येतं. मी चिकटवलंय ते. माझ्याकडून झालंय."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही, मग दोन-चार मुलं हसली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "डिंक लावायचा होता तर ठोकळे कशाला घ्यायचे, मूर्तीच घ्यायची." पप्पा खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढत बाकाकडे यायला लागले, तो त्यांच्या खिशात नेहमीच असायचा. माईकवाल्या तरुणाने त्यांना अडवलं, उद्धटपणे नव्हे, "काका, पालकांनी प्लीज मागे." बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, दुकानातले सुटे ठोकळे देऊ या हिला. तेव्हा तेच गृहस्थ उठले. "मॅडम, आपला संच आपणच आणायचा असं छापलंय तुम्ही. नियम सगळ्यांना सारखा असावा अशी आपली एक वेडी अपेक्षा." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तरुणाकडे पाहिलं आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. त्या तरी काय करणार होत्या.

दुसरी फेरी संपेपर्यंत उठायचं नव्हतं. मी समोर टिटवी ठेवून बसून राहिले. शेजारच्या बाकावर एक मुलगा तोफ करत होता, कोराच्या चौकीवर तोफ कधीच नव्हती, आणि त्याचा पाया चुकला होता, मला दिसत होतं की ती पुढे कलंडणार. कलंडली. त्याने पुन्हा उभी केली. माझ्या बोटांत मनोऱ्याचा खालचा थर होता, मग दुसरा, मग हात फिरतो तो सांधा. हे सगळं मला करता येत होतं आणि मी मांडीवर हात ठेवून बसले होते. मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही. पप्पाही तेवढा वेळ तिथेच बसले होते, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात, त्या गृहस्थांच्या मागच्या रांगेत.

परत येताना बंडगार्डनपाशी त्यांनी स्कूटर थांबवली. "उसाचा रस घेतेस?" मी मानेनेच नाही म्हटलं. "भेळ?" मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी स्कूटरचा आरसा उगाचच सरळ केला. मग म्हणाले, "पक्कं असावं म्हणून केलं गं मी."

"तुम्ही हात कशाला लावलात?" मी म्हणाले. "माझं होतं ते. मला विचारायचं तरी."

एवढंच मी बोलले. आरडाओरडा केला नाही, रडलेही नाही. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, कुणीही मुलगी म्हणाली असती. त्यामुळेच ते नंतर परत घेता आलं नाही. चुकीचं काही बोलले असते तर माफी मागता आली असती.

घरी आई ताटं वाढून बसली होती. तिने आमची तोंडं पाहिली, टॉवेलमधली टिटवी पाहिली आणि ताटं पुढे सरकवली. विमान गेलं, पत्रा वाजला, आम्ही तिघं घास हातात धरून थांबलो, आणि विमान गेल्यावरही कुणाकडे पुरं करायला वाक्य नव्हतं. संध्याकाळी पप्पांनी मला विचारून टिटवी घेतली आणि पडवीत बसले. गरम पाणी केलं, रॉकेलने पाहिलं, हॅकसॉची पात मधे घालून पाहिली. पुढचा कितीतरी काळ कामावरून आले की चहा पिऊन ते तिच्यापाशी बसायचे. रॉकेलने ठोकळे पांढरे पडले, पात्याने कडा गेल्या. वाटीभर तुकडे सुटे झाले, पण एकावर एक बसतील असे त्यातले थोडेच. बसले तरी टक् आवाज येत नव्हता. शेवटी मीच म्हटलं, "राहू द्या पप्पा आता." ते लगेच थांबले. वाटी त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि हात पुसले.

मिलिंददादाला फोनवर कळलं तेव्हा तो आधी खूप हसला, मग म्हणाला, दुसरी पाठवतो. पुढच्या वर्षी आलीही. तोवर मालिकेचा पहिला सिनेमा निघाला होता आणि टिटवी बदलली होती. आयते पंख, आयती काच, चिकटवायची चित्रं, आणि रूवाच्या जागी हसऱ्या तोंडाचा कॅप्टन. मी ती पुस्तिका बघून एकदा जोडली आणि दादाला छान पत्र लिहिलं. त्या पंखांतून क्रेन होत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे, अलीकडेही, आणि ज्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर मी आहे तिथे एकाने होते म्हणून फोटो टाकला होता, त्याने दोन संच वापरले होते हे मी त्याला सर्वांसमक्ष दाखवून दिलं.

पण खरं बदललं ते दुसरंच, आणि ते कळायलाही मला वेळ लागला. त्यानंतर कधीतरी माझ्या सायकलची चेन उतरली होती. पूर्वी मी शाळेतून येऊन चप्पल काढेपर्यंत ती बसलेली असती. त्या दिवशी पप्पा सायकलपाशी उभे होते, हाताची घडी घालून. मी आले तशी त्यांनी विचारलं, "हात लावू का?" मी हो म्हटलं, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग पेन, मग दप्तर, मग बारावीला घेतलेला कॉम्प्युटर. आईच्या वस्तूंना ते विचारत नसत, शेजारच्या काकूंच्या स्टोव्हला विचारत नसत. फक्त माझ्या. नोकरी लागल्यावर एकदा मी म्हटलं, "पप्पा, हे काय सारखं विचारता? लावा की हात." ते "बरं" म्हणाले, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. पुढे मी चिडून सांगितलं, हसून सांगितलं, एकदा त्यांचे हात हातात घेऊन सांगितलं. प्रत्येक वेळी "बरं." टोमणा नव्हता त्यात, रुसवा नव्हता. त्यांनी ती गोष्ट एकदा शिकून घेतली होती, आणि पप्पांनी एकदा पक्कं केलेलं काही सुटत नसे.

धायरीला मी फ्लॅट घेतला तेव्हा ते दोघं राहायला आले. पप्पा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, बोटं जरा थरथरायची, पण पिशवीत पाना आणि वॉशर होतेच. मी सकाळी हिंजवडीला जायचे ती अंधार पडायच्या सुमाराला यायचे. एका संध्याकाळी आले तर आई दारातच म्हणाली, "तुझा स्वयंपाकघरातला नळ गळतोय सकाळपासून. हे समोर स्टूल टाकून बसलेत. मी म्हटलं करून टाका, पाच मिनिटांचं काम. तर म्हणतात, तिचं घर आहे." मी आत गेले. पप्पा स्टुलावर बसले होते, पाना मांडीवर, आणि नळाखाली ठेवलेलं पातेलं भरत आलं होतं. आधीची दोन त्यांनी झाडांना घातली होती.

"आलीस?" ते म्हणाले. "नळाला हात लावू का?"

"लावा ना पप्पा," मी म्हटलं. त्यांनी मुख्य कॉक बंद केला, नळ उघडला, वॉशर बदलला आणि पाणी सोडून पाहिलं. थेंबही पडला नाही. मग त्यांनी साबणाने हात धुतले आणि ओले हात पुढे धरून तसेच उभे राहिले. ओट्याच्या कडेला टॉवेल टांगलेला होता, त्यांच्या कोपरापाशीच.

"हा टॉवेल घेऊ का?" त्यांनी विचारलं.